दगडफूल चढलेली वाडगी

खूप मागची गोष्ट. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि वाटा फक्त मेंढरांना ठाऊक होत्या, तेव्हाची. लहान असाल तर पुढं सरकून बसा. मोठे असाल तर हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

मेंढपाळांचा एक तांडा होता. तो एका गढीवाल्याच्या हाताखाली पिचत होता. मेंढरं यांनी राखायची, लोकर त्यानं न्यायची. कोकरू यांच्या घरी जन्मायचं, वाढायचं त्याच्या दारी. आपल्या शेतात खत पडावं म्हणून तो मेंढरं तिथं बसवून घ्यायचा. बदल्यात काय, तर शिळी भाकरी आणि कांदा. वरून चाबूक.

या लोकांच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

एक म्हणजे, दिवस कलला की ते मेखा ठोकून त्यांना दोरीची जाळी बांधायचे आणि मेंढरं आत कोंडायचे. त्या जाळीला म्हणतात वाघूर, आणि आत मेंढरं बसतात त्या जागेला वाडगं. सकाळी वाघूर गुंडाळायची, खांद्यावर टाकायची, चालायला लागायचं. मेंढरं कोंडायची तर जाळीत, एवढंच त्यांना ठाऊक. दगडी भिंत त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती, गढीची. त्यामुळं कुठंही दगडावर दगड रचलेला दिसला, की त्यांच्या पाठीवरचे वळ ठणकायला लागायचे.

दुसरी गोष्ट कानाची. आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून प्रत्येक घर मेंढरांच्या कानावर आपली खूण करायचं. कुणाचा एक काप, कुणाचे तीन. तांड्याचा जो म्होरक्या होता, त्याच्या घरची खूण होती उजव्या कानाला दोन काप, डाव्या कानाला एक भोक.

तर असे दिवस चालले होते. एक दिवस भर उन्हात गढीचा दरवाजा करकरला आणि उघडला. दाराशी एक माणूस उभा. पायात जाड वहाणा, हातात काठी, तोंडावर घाम.

तो म्हणाला, "मी धन्याचा निरोप्या. या डोंगरांच्या पलीकडं धन्याचं कुरण आहे. तुमचं रडणं त्याच्या कानी गेलंय. गढीवाल्याशी जे बोलायचं ते धनी बोलून मोकळा झाला. आता तुम्ही सुटलात. मेंढरं हाका, माझ्या मागं या."

निघण्याआधी त्यानं एक नवल केलं. घरोघरी जाऊन मेंढरांचे कान पाहिले. कुणाची खूण कशी, ते पुटपुटत पाठ केलं. कशाला, ते कुणी विचारलं नाही. सुटल्याच्या आनंदात कोण विचारतं!

आनंद चार दिवस टिकला.

वाट होती कोरड्या माळाची. पण निरोप्या रोज सकाळी ओढ्याच्या वाळूत काठी टेकवून म्हणायचा, "इथं उकरा." हातभर उकरलं की झिरा लागायचा. माणसं प्यायची, मेंढरं प्यायची, आणि पाणी उरायचं. एकही सकाळ अशी गेली नाही की वाळूनं नाही म्हटलं.

तरी दुपार झाली की कुरकुर सुरू. "आज लागलं पाणी, उद्या लागेल कशावरून?" "गढीवर काही नाही तर कांदा तरी होता." म्होरक्याचा मेहुणा तर डोळे मिटून त्या कांद्याची आठवण काढायचा.

एकदा म्होरक्याची सून त्याला म्हणाली, "मामा, कांद्याची चव आठवते, चाबकाची नाही आठवत का?"

मेहुणा म्हणाला, "चाबूक रोज नव्हता बसत."

"पाणी मात्र रोज लागतंय," ती म्हणाली.

ही सून विधवा होती. नवरा गढीवर राबून मेला होता. पोटी एक मुलगी, आणि आधार म्हाताऱ्या सासऱ्याचा. सासरा म्हणजे तो म्होरक्या. माणूस मनाचा चांगला. तांड्यात कुणाचं भांडण झालं तर आपल्या ताटातली भाकरी देऊन मिटवायचा. त्याची इच्छा एकच. तो सुनेला पुन्हा पुन्हा सांगायचा, "पोरी, मरायच्या आत एकदा माझी मेंढरं हिरव्या गवतात पोट फुटेस्तोवर चरून निवांत बसलेली पाहायचीत. मग डोळे मिटले तरी चालतील."

ती म्हणायची, "बघाल मामंजी. धन्यानं बोलावलंय, वाटेतून परत पाठवायला नाही."

चालता चालता खिंड आली. उंच कडे, मध्ये चिंचोळी वाट. निरोप्या थांबला. म्हणाला, "खिंडीपलीकडं कुरण. मी धन्याला कळवून येतो. तुमच्यातले तिघं वर जाऊन डोळ्यांनी बघून या. आणि मी हाक दिली की त्याच दिवशी निघा."

तिघं कोण? एक तांड्याचा पहिलवान, मेंढा उचलून खांद्यावर टाकणारा. दुसरा म्होरक्याचा मेहुणा. तिसरी भुरी. भुरी म्हणजे मेंढी, तांड्यापुढं चालणारी, गळ्यात घुंगरू असलेली. लोक म्हणाले, गवताची पारख मेंढीइतकी कुणाला? पण भुरी सुनेशिवाय कुणामागं जाईना, आणि पाठीशी तिचं चार आठवड्यांचं कोकरू. कास आटत आलेली, कोकरू नुसतं हाडांचं. मग सून कोकरू घोंगडीत घेऊन निघाली. असे ते वर गेले.

खिंडीच्या तोंडाशी पोचले आणि खाली पाहिलं. गवत होतं. पण पहिलवानाची नजर गवतावर गेलीच नाही. उतारावर त्याला दिसल्या दगडी भिंती. गोल गोल, एकीशेजारी एक, उतारभर.

"गढ्या!" पहिलवान धोंड्याआड बसला. एवढा मोठा गडी, पण गुडघे छातीशी.

"एक गढी सोसवली नाही, इथं तर रांगच आहे," मेहुणा म्हणाला. आणि शेजारच्या मातीत त्याला लांडग्याचं पाऊल दिसलं. झालं! त्याच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं.

भुरीला गढीबिढी काही माहीत नव्हती. तिला गवताचा वास आला. घुंगरू वाजवत ती सरळ खाली गेली.

"ती मेंढी आपला जीव घेणार," मेहुणा कुजबुजला.

सून म्हणाली, "मामा, गढीला बुरूज असतो. इथं बुरूज नाही. गढीला दार मोठं असतं, हे तर मेंढरू जाईल एवढंच. मला ही वाडगी वाटतात. मेंढरांची."

"दगडाची वाडगी?" पहिलवान धोंड्याआडूनच हसला. "तुझ्या बापानं पाहिली होती का? वाडगं जाळीचं असतं. दगडाचं असतं ती गढी!"

"मग जाऊन बघते."

मेहुण्यानं तिचा दंड धरला. "तुला काही झालं तर तुझ्या सासऱ्याला काय तोंड दाखवू?"

तो वयानं मोठा, मानाचा. ती बसली. दोन दिवस ते धोंड्याआड दडून राहिले. भुरी सकाळी खाली जायची, दिवस कलताना कोकराकडं परत यायची. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. कोकरू तिच्या कासेला लागलं ते सुटेना.

तिघं खाली आले. तांडा भोवती जमला. म्होरक्या दगडावर बसला, काठी आडवी मांडीवर.

पहिलवान सांगायला लागला. गढ्या वीस असतील, त्याच्या तोंडून शंभर निघाल्या. मेहुण्यानं लांडग्याचं एक पाऊल पाहिलं होतं, त्याचे त्यानं कळप केले. भीतीचं असंच असतं. तिला पायात काटा मोडला तरी ती भाला घुसला म्हणून सांगते.

बाया रडायला लागल्या. कुणी म्हणालं, "मारायलाच आणलंय आपल्याला."

तेव्हा सुनेनं भुरीला मधोमध आणलं. पितळी लोटा मागवला. आणि सगळ्यांसमोर बसून धार काढली. सर्र, सर्र. निघाल्यापासून आठ महिने त्या तांड्यात कुणी धारेचा आवाज ऐकला नव्हता. रडणारी पोरं गप्प झाली. लोटा अर्धा भरला.

"माणसांच्या तोंडाकडं काय बघता," ती म्हणाली, "मेंढीची कास बघा! गढ्या असत्या तर हिला कुणी सोडली असती? दोन दिवस चरून आली, हिचा केस वाकडा झाला नाही. आणि मोजा तरी, निघाल्यापासून किती सकाळी झाल्या, आणि किती सकाळी वाळूनं आपल्याला पाणी दिलं नाही?"

तिनं लोटा सासऱ्याच्या हातात दिला. "मामंजी, प्या."

म्होरक्यानं घोट घेतला. लेकरांनो, त्या दुधात त्या कुरणाची चव होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठांवरचा फेससुद्धा त्यानं पुसला नाही.

तेवढ्यात खिंडीतून हाक आली. निरोप्या वर उभा होता, दोन्ही हात तोंडाशी. "आज! आज निघा! धनी वाट बघतोय!"

कुणी हललं नाही. सगळे म्होरक्याकडं बघत राहिले. म्हाताऱ्यानं सुनेकडं पाहिलं. मग लोकांकडं पाहिलं. पहिलवान मान हलवत होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, दूध खरं. पण गढ्याही खऱ्या. एवढ्या लोकांचा जीव एका लोट्यावर टांगणार का?"

म्होरक्या हळूच म्हणाला, "उद्या बघू."

सून त्याच्या पायाशी बसली. "मामंजी, तुम्ही उठा. तुम्ही उठलात तर हे उठतील. तुमच्या तोंडाला अजून चव आहे."

"चव आहे गं पोरी," तो म्हणाला, "पण धीर नाही."

दिवस कलेपर्यंत निरोप्या हाका देत राहिला. त्याचा आवाज बसला, तेव्हा तो खाली आला. रागावला नाही. मला वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हाक देऊन झाली. आता धनी म्हणतो, थांबा. ज्यांनी आज पाठ फिरवली, त्यांना हे कुरण दिसायचं नाही. त्यांची पोरं जातील. खिंडीत आता पाऊल टाकू नका, आज जे तुमच्यासाठी तिथं उभे होते ते उद्या नसतील."

आता बघा हं, माणूस किती उलटा. आज 'जा' म्हटलं तर बसला. उद्या 'थांबा' म्हटलं तर उठला! सकाळ होताच सगळ्यांना पश्चात्ताप सुटला. पहिलवान ओरडला, "चला, आम्ही जातो! आमचं चुकलं!"

सून म्हणाली, "काल चुकलंत, आज पुन्हा चुकताय. ही हाक धन्याची नाही, तुमचीच आहे."

ऐकतंय कोण! मेंढरं हाकत खिंडीत घुसले. आणि लांडगे होते. खरेच होते. दुपारी परतले तेव्हा निम्मी मेंढरं नव्हती, आणि पहिलवान नव्हता.

त्यानंतर तो तांडा माळावरच फिरला. त्याच त्या ओढ्याला फिरून फिरून येत राहिला. वीस वर्षं गेली. पण एक सांगते, ते विसरू नका. पाणी थांबलं नाही. रोज सकाळी निरोप्या यायचा, वाळूत काठी टेकवायचा, म्हणायचा, "इथं उकरा." धन्यानं कुरण अडवलं, पाणी नाही अडवलं. आपल्या लेकरावर रागावलेली आई त्याचं जेवण झाकून ठेवते ना, तसं.

जे त्या दिवशी बसून राहिले होते, ते एकेक करून माळावरच मिटले. मेहुणा गेला, कांद्याची आठवण काढत गेला. म्होरक्या सगळ्यांत जास्त जगला. नजर अंधुक झाली तरी खिंडीकडं तोंड करूनच बसायचा.

एक दिवस त्यानं विचारलं, "पोरी, तू तेव्हा म्हणाली होतीस, ती वाडगीच होती का गं?"

"जाऊ तेव्हा कळेल, मामंजी."

"मला नेशील?"

ती जवळ सरकली. त्याचे पाय चेपत राहिली. मग तोच म्हणाला, "नको सांगूस. मला ठाऊक आहे. दूध प्यालो मी, आणि तोंड फिरवलं. पण तू जा. माझ्या नातीला ने. तिला तरी उद्यावर ठेवू नकोस."

धन्यानं आपल्याला टाकलं, असं तो मरेपर्यंत एकदाही म्हणाला नाही. आपलं चुकलं, एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं डोळे मिटले. सुनेनं त्याला माळावर मूठमाती दिली, तोंड खिंडीकडं करून.

आणि मग एका सकाळी हाक आली. "आज!"

निरोप्याही आता म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

सून भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन उठली. भुरी कधीच गेली होती, तिच्या पणतीच्या गळ्यात ते जुनं घुंगरू होतं. सुनेनं ते एकदा हलवलं. मुलगी आता तरणी होती. ती म्हणाली, "आई, भाकरी तव्यावर आहे!"

"तवा घेऊन चल!"

तरुण पोरं हसली, आणि हसता हसता निघाली. त्यांतली बहुतेक त्या माळावरच जन्मली होती, गढी त्यांनी पाहिली नव्हती, फक्त झिरे पाहिले होते. वाळूनं कधी नाही म्हटलं नाही, एवढंच त्यांचं शिक्षण. तेवढं पुरलं.

खिंडीत शिरले तर दोन्ही कड्यांवर धन्याचे राखणदार उभे. हातात काठ्या, पायाशी कुत्री. लांडगे लांबून बघत होते, जवळ येत नव्हते.

सुनेनं एकाला विचारलं, "दादा, तुम्ही कधीपासून इथं?"

तो म्हणाला, "मागं एकदा तुम्हाला हाक दिली होती ना, त्या दिवशी माझा बाप इथं उभा होता. दिवस बुडेपर्यंत उभा राहिला. तुम्ही आलाच नाहीत."

तिनं त्याला हात जोडले. खाली उतरायला लागली.

गवत कमरेएवढं. मेंढरं त्यात शिरली ती दिसेनात, नुसतं घुंगरू ऐकू येत होतं. आणि उतारावर त्या दगडी भिंती होत्या. ती पहिल्या भिंतीशी गेली. आत डोकावली. आत काय होतं? मेंढरांना बसायला सपाट जागा. कोकरांसाठी वेगळा कोपरा. पाण्याची दगडी डोणी, काठोकाठ भरलेली. वाऱ्याच्या बाजूला भिंत उंच, लांडगा उडी मारू शकणार नाही इतकी.

दाराशी दोन उभे दगड होते. त्यांवर काहीतरी कोरलेलं होतं, पण वर दगडफूल चढलं होतं. मसाल्यात घालतो ना आपण, ते. जुन्या दगडावर वर्षांमागून वर्षं उन्हावाऱ्यात बसून चढतं ते. तिनं नखांनी खरवडलं. उजव्या दगडावर एक काप. हे तांड्यातल्याच एका घरचं. दुसऱ्या वाडग्यावर तीन काप. हे पहिलवानाच्या घरचं. तिसऱ्यावर मेहुण्याचं.

ती पुढं पुढं जात राहिली. सगळ्यांत वर, जिथून सगळं कुरण नजरेत भरतं, तिथं एक मोठं वाडगं होतं. बाहेर म्हाताऱ्या माणसाला टेकायला दगडाची बैठक केलेली. तिनं दारावरचं दगडफूल काढलं. उजवीकडं दोन काप. डावीकडं एक भोक.

ज्या भिंतींना भिऊन ते परतले होते, त्या त्यांच्याचसाठी बांधल्या होत्या. त्यांच्या घरची खूण पाहून, त्यांनी पाऊल टाकण्याच्या आधी.

ती त्या बैठकीवर बसली. खाली मेंढरं पोट फुटेस्तोवर चरून एकेक करून बसत होती. ती म्हणाली, "मामंजी, गढी नव्हती हो." आणि तेव्हा कुठं रडली.

निरोप्या जवळ येऊन म्हणाला, "रडून घे. मग उठ, मेंढरं आत घे. हे वाडगं आता तुझ्या लेकीचं."

तिनं डोळे पुसले, खाली जाऊन घुंगरू वाजवलं, आणि त्या घरची मेंढरं वीस वर्षांनी आपल्या दारातून आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते. वाटणारच. इस्राएल लोकांचं हेच झालं. समुद्र दुभंगलेला पाहिला, आकाशातून पडलेली भाकरी खाल्ली, खडकाचं पाणी प्याले, आणि देशाच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाले, आमच्यानं होणार नाही. त्यांचा देव कमी पडला नव्हता. त्यांचा भरवसा कमी पडला. ती माणसं रानात पडली, आणि देवानं दिलेला शब्द त्यांच्या लेकरांनी उपभोगला.

त्यांना नावं ठेवायला ही गोष्ट नाही हं. आपण देवळात पहिल्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाची चव आपल्या जिभेवर असते. आणि प्रभू म्हणतो, त्या भावाच्या घरी जा, ज्याच्याशी तू सहा वर्षं बोलला नाहीस. आपण म्हणतो, उद्या बघू. का? तर त्याच्या घराची भिंत आपल्याला गढी दिसते. अहो, पलीकडं भरलेली डोणी असेल! आपल्या नावाची बैठक असेल! ज्यानं आजवर रोज सकाळी पाणी दाखवलं, तो दारात नेऊन फसवेल का? नाही फसवणार. मी सांगते, नाही फसवणार. त्याची हाक आज येते आहे, आणि आज अजून बुडालेला नाही.

म्हणून एवढं गाठीला बांधा: देवानं "आज" म्हटलं की आजच पाऊल उचलावं, कारण अविश्वासाच्या डोळ्यांना देवानं बांधलेलं घरही शत्रूची गढी दिसतं.